वेदनेचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये मिळतो?

2018 च्या मे महिन्यात महाराष्ट्र एकदम उदार झाला होता. बीड जिल्ह्यात माजलगावला पोलीस कॉन्स्टेबल असलेल्या ललित साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि 'ललिताचा ललित झाला' ही बातमी घरोघरी पोहोचली. महिला कोट्यातून पोलीस दलात आलेल्या या माणसाने शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली होती. खात्याने ती नाकारली. मग मुंबई उच्च न्यायालय, तिथून 'मॅट' म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि शेवटी गृहखात्याची 'विशेष बाब' म्हणून परवानगी. काही महिने हे चाललं. पुढे 2020 मध्ये त्यांचं लग्न झालं, 2024 च्या जानेवारीत मुलगा झाला. प्रत्येक वेळी बातम्या आल्या आणि प्रत्येक वेळी त्या गोड होत्या.

ललित साळवेंबद्दल मला आदर आहे. खाकी वर्दीत राहून, वरिष्ठांसमोर उभं राहून, स्वतःचं नाव आणि चेहरा न लपवता त्यांनी हे केलं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण आपल्या टाळ्यांशी आहे.

कारण त्या वेळच्या बहुतेक बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळलं. या एका वाक्याने सगळ्यांना सहानुभूतीचा परवाना दिला. "बिचाऱ्याच्या शरीरातच तसं होतं, तो तरी काय करणार?" चहाच्या टपरीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत हेच. म्हणजे दया दाखवायला आपली ना नाही, फक्त आधी लॅबचा कागद दाखवा.

मी ट्रान्स पुरुष आहे. वय 27. रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूड तालुक्यातल्या एका गावात वाढलो. इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझीही गुणसूत्रांची तपासणी झाली. रिपोर्ट आला: 46, एक्सएक्स. नॉर्मल. घरी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर! काही नाही तुला."

'काही नाही तुला' या तीन शब्दांविरुद्ध हा लेख आहे.

दुखणं दिसत नाही, म्हणून नाही?

मायग्रेन ज्याला आहे त्याचा एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छ येतो. तो फोटो बघून कुठलाही शहाणा न्यूरॉलॉजिस्ट "डोकं दुखत नाही तुमचं" असं म्हणत नाही. तो विचारतो: कधी दुखतं, कुठल्या बाजूला, उजेड सहन होतो का, किती वर्षं. ऐकून निदान करतो. कानात सतत शिटी वाजणाऱ्या माणसाची शिटी दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, तरी कानाचा डॉक्टर त्याला खोटारडा ठरवत नाही. डिप्रेशनची रक्ततपासणी नाही. वैद्यकशास्त्राचा मोठा भाग रुग्णाच्या सांगण्यावर उभा आहे आणि आपण ते निमूटपणे मान्य करतो. लिंगभावाचा विषय निघाला की मात्र प्रत्येक जण अचानक पॅथॉलॉजिस्ट होतो.

आमच्या धंद्यात एक कुप्रसिद्ध उत्तर आहे. युजर म्हणतो ॲप बंद पडतंय, डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." लॉगमध्ये एरर नाही म्हणून युजरची तक्रार खोटी ठरत नाही. एवढंच कळतं, की आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय.

तर जेंडर डिस्फोरिया म्हणजे काय? जन्माच्या वेळी शरीर बघून जे लिंग नोंदवलं गेलं, त्याच्याशी माणसाची आतली ओळख जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातून जी खोल, टिकून राहणारी अस्वस्थता येते, ती. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत हे नाव आलं. त्याआधी तिथे 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' असा शब्द होता. बदल फक्त नावाचा नव्हता. आधी ओळखच बिघाड मानली जायची, आता त्रास हा उपचाराचा विषय झाला. मोठ्या माणसांत निदान करायचं तर ही विसंगती किमान 6 महिने टिकलेली हवी, ठरावीक लक्षणांपैकी किमान दोन हवीत, आणि त्यामुळे जगण्यात खरोखरचा त्रास किंवा अडथळा हवा. मुलगी झाडावर चढते, मुलगा भरतकाम करतो, एवढ्यावर हे निदान होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणखी पुढे गेली. 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. "आजार नाही तर मग डॉक्टर कशाला?" असं विचारणारे भेटतात. गरोदरपण हाही आजार नाही. तरी तिथे डॉक्टर लागतो, तपासण्या लागतात, कधी ऑपरेशन लागतं. बाळंतिणीला कुणी म्हणत नाही, की आजारी नाहीस तर दवाखान्यात काय करतेस?

आणखी तीन गोष्टींची सरमिसळ होते, ती इथेच सोडवू. आंतरलिंगी माणसाच्या शरीराच्या घडणीतच, म्हणजे गुणसूत्रं, ग्रंथी किंवा अवयव यांत, वेगळेपण असतं. समलिंगी माणसाचा प्रश्न त्याला कोण आवडतं हा असतो, तो स्वतः कोण हा नसतो. आणि हिजडा ही गुरू-चेल्याची परंपरा असलेली एक जमात आहे. तिच्यात अनेक पारलिंगी स्त्रिया आहेत, पण प्रत्येक पारलिंगी माणूस तिथला नाही. 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसं नोंदली गेली. माझ्यासारखे कितीतरी जण त्या वेळी 'मुलगी' या रकान्यात शाळेत जात होते.

मराठीत लपता येत नाही

डिस्फोरियाबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजीत, आणि इंग्रजीत एक सोय आहे. 'आय ॲम गोइंग' म्हणताना बोलणारा कोण हे सांगावं लागत नाही. मराठीत तोंड उघडलं की क्रियापद तुमचा दाखला मागतं. मी जातो की जाते? जेवलो की जेवले? लहानपणापासून दिवसातून शंभर वेळा मी स्वतःबद्दल एक खोटं विधान करत होतो, तेही स्वतःच्या तोंडाने. म्हणून मी कमी बोलायला लागलो. घरच्यांना वाटलं, पोर गुणी आहे, शांत आहे.

कॉलेजात मुलींच्या होस्टेलवर कोल्हापूरकडच्या मुली होत्या. त्या बिनधास्त म्हणायच्या, "मी आलो गं", "मी जेवलो". त्यांच्याकडची ती बोलीच. कुणाला त्यात काही वाटत नसे. मी त्यांच्यात मिसळून 'आलो', 'गेलो' म्हणायला लागलो. लोकांना वाटलं संगतीचा परिणाम. मला पहिल्यांदा घशातून माझा आवाज आल्यासारखा वाटला.

हे सांगतोय ते हळवेपणासाठी नाही. "नक्की होतं काय?" असा प्रश्न विचारला जातो, त्याचं हे उत्तर आहे. होतं असं: समुद्र घरापासून 5 मिनिटांवर, आणि बाराव्या वर्षानंतर मी पाण्यात उतरलो नाही, कारण ओले कपडे अंगाला चिकटतात. मे महिन्याच्या दमट उन्हाळ्यात छाती दाबून धरणारा घट्ट कपडा दहा-दहा तास घालायचा, अंगावर घामोळं उठतं, श्वास पुरत नाही, तरी तो काढायचा नाही. आरशासमोर दात घासायचे नाहीत. फोन आला की कापायचा, कारण आवाज ऐकून पलीकडचा 'मॅडम' म्हणणार. आजी मायेने 'बाय' म्हणायची आणि त्या मायेच्या हाकेने पोटात खड्डा पडायचा, कारण तिचं प्रेम खरं होतं आणि हाक चुकीच्या पत्त्यावर येत होती.

यातलं काय एक्स-रेत दिसेल?

आपल्याकडचे घरगुती उपचार

कुणी म्हणेल, आपल्याकडे यावर उपचार होत नाहीत. चूक. भरपूर होतात.

पहिला उपचार देवाचा. गावात भगत असतो, तालुक्याला आणखी कुणी. अंगारा, उतारा, अमावास्येची फेरी. बाहेरचं लागलंय हे निदान मिनिटात होतं, 6 महिने वगैरे थांबावं लागत नाही.

दुसरा उपचार लग्नाचा. हा सगळ्यात लोकप्रिय. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी, पदवी भिंतीवर टांगलेल्या, माझ्या आईला हाच लिहून दिला: "लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल." या औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्याच माणसावर होतो याचा विचार कुणी करत नाही. ज्याच्याशी लग्न लावायचं त्या मुलाचं काय? त्याने काय गुन्हा केला?

तिसरा धाकाचा. केस वाढवायला लावणं, मोबाइल काढून घेणं, कॉलेज बंद करणं, चार भावंडांनी मिळून 'समजावणं'.

आणि चौथा, सगळ्यात सभ्य दिसणारा, 'समुपदेशन' नावाचा. समुपदेशन ही चांगलीच गोष्ट आहे. पण माणसाची ओळख बदलण्यासाठी केलेलं समुपदेशन हा उपचार नाही. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांनी एका प्रकरणात अशा 'बदल उपचारां'वर बंदीचे आदेश दिले. त्याच प्रकरणातून पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे करणं म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलमही सांगतं, की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. "एकदा चांगल्या सायकॅट्रिस्टकडून हिच्या डोक्यातलं काढून टाका" असं म्हणणाऱ्या काका-मामांना हे माहीत नसेल. डॉक्टरांना माहीत नाही, हे चालणार नाही.

मनावर उपचार करून पाहिले नाहीत असंही नाही. विसाव्या शतकात कित्येक दशकं जगभर तेच केलं गेलं. ओळख बदलली नाही. शरीर आणि जगणं ओळखीच्या जवळ आणलं तर त्रास कमी होतो, हे त्या दीर्घ अपयशातूनही कळलं.

खरा उपचार कंटाळवाणा असतो

लोकांच्या डोक्यात 'ते ऑपरेशन' असं एकच चित्र असतं. रात्री झोपले ललिता, सकाळी उठले ललित. प्रत्यक्षात हा प्रवास सावकाश आणि कागदी आहे.

आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाशी बैठका. त्यात निदान, आणि दुसरं काही चालू आहे का हे बघणं: नैराश्य, आघात, काही गैरसमज. मग काहींसाठी एवढंच पुरतं, की नाव, कपडे, हाक बदलली. प्रत्येकाला हॉर्मोन हवेत असं नाही, आणि हॉर्मोन घेणाऱ्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवी असंही नाही.

हॉर्मोन घ्यायचे तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागतो. ट्रान्स पुरुषाला टेस्टोस्टेरॉन, बहुतेकदा इंजेक्शनने. काही महिन्यांत पाळी थांबते, आवाज फुटतो, दाढी यायला वर्षं लागतात. आवाज एकदा फुटला की परत जात नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलं जातं. रक्त घट्ट होणं, कोलेस्टेरॉल, मुरुमं यांवर नजर ठेवावी लागते, म्हणून पहिल्या वर्षी दर तीनेक महिन्यांनी रक्ततपासणी. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही, हेही सांगावं लागतं. ट्रान्स स्त्रीला इस्ट्रोजेन आणि सोबत टेस्टोस्टेरॉन रोखणारं औषध. छातीची वाढ दोन-तीन वर्षं चालते, आवाज मात्र बदलत नाही, त्यासाठी वेगळा सराव करावा लागतो. इस्ट्रोजेनमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बघावा लागतो. पुढे मूल हवं का, हा प्रश्न दोघांनाही सुरुवातीलाच विचारायला हवा.

यातलं एकही औषध या कामासाठी मंगळावरून आणलेलं नाही. ज्या पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी बनतं त्याला तेच इंजेक्शन देतात. पाळी गेल्यावर त्रास होणाऱ्या बाईला इस्ट्रोजेन देतात. तिथे कुणी 'निसर्गाशी खेळ' म्हणत नाही.

आणि उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियात 64 प्रौढांवर झालेला, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला टेस्टोस्टेरॉन लगेच, दुसऱ्याला 3 महिने थांबून. लगेच सुरू केलेल्यांचा डिस्फोरिया, नैराश्य आणि जीव देण्याचे विचार, तिन्ही वाट बघणाऱ्या गटापेक्षा जास्त उतरले. लहान अभ्यास, थोडा काळ, मान्य. पण "उपचाराचा पुरावाच नाही" म्हणणाऱ्यांनी निदान एवढा वाचावा.

आक्षेप ऐकतो, पळत नाही

"नंतर पस्तावतात." काही जण पस्तावतात. 2021 मध्ये 27 अभ्यास एकत्र करून 7,928 जणांचा आढावा घेतला गेला. शस्त्रक्रियेनंतर पश्चात्तापाचं प्रमाण सुमारे 1 टक्का निघालं. त्या अभ्यासांत कमतरता आहेत, बऱ्याच जणांशी नंतर संपर्क राहिला नाही, म्हणून खरा आकडा जास्त असू शकतो. धरा कित्येक पट जास्त. गुडघा बदलून घेतलेल्यांत नाराज राहणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत 10 ते 20 टक्के येतं. म्हणून आपण आजोबांचा गुडघा बदलायचं थांबवलं का? पश्चात्ताप टाळायचा तर तपासणी नीट करा, वेळ द्या, पर्याय सांगा. दार बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. पस्तावून परत फिरणाऱ्यालाही तेच दार लागणार आहे.

"मोबाइलमुळे आलंय हे." मोबाइलमुळे शब्द आला. आमच्या घरी पहिला स्मार्टफोन आला तेव्हा मी दहावीत होतो. पाण्यात उतरणं मी त्याच्या कितीतरी आधी बंद केलं होतं.

"आणि लहान मुलांचं काय?" हा आक्षेप खरा आहे. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल 2024 मध्ये आला. अल्पवयीनांना वयात येणं लांबवणारी औषधं देण्यामागचा पुरावा कमकुवत असल्याचं त्यात म्हटलं आणि तिथल्या सरकारी सेवेने ती औषधं नेहमीच्या उपचारांतून काढली. इतर अनेक तज्ज्ञ त्याच्याशी सहमत नाहीत. वाद चालू आहे, तो डॉक्टरांनी पुराव्यावर लढावा. पण अल्पवयीनांवरच्या या वादाची ढाल करून 25 वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या, मतदान करणाऱ्या माणसाचा उपचार अडवणं ही लबाडी आहे. आणि बारा वर्षांच्या पोराला आज हॉर्मोन कुणी मागत नाहीये. त्याला हवा आहे आवडीचा युनिफॉर्म, वेगळं बाथरूम, आणि ऐकून घेणारा एक मोठा माणूस. या तिन्हींना कुठलेही साइड इफेक्ट नाहीत.

कायद्याने कधीच सांगून ठेवलंय

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्याचा निकाल दिला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी त्यात एका जुन्या इंग्रजी खटल्याची कसोटी नाकारली. 1970 च्या त्या कॉर्बेट खटल्यात म्हटलं होतं, की माणसाचं लिंग ठरवायचं ते गुणसूत्रं, ग्रंथी आणि अवयव यांवरून. आपल्या न्यायालयाने म्हटलं, हे चालणार नाही, माणसाचं मन काय सांगतं ते महत्त्वाचं. आणि ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आणि अनैतिक आहे.

म्हणजे 2014 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गुणसूत्रांची कसोटी बाद केली, आणि 2018 मध्ये आपण गुणसूत्रं बघून टाळ्या वाजवत होतो.

2019 च्या कायद्याने तर गाडी अर्धी मागे आणली. जिल्हाधिकाऱ्यांकडून 'ट्रान्सजेंडर' असं ओळखपत्र मिळतं, पण 'पुरुष' किंवा 'स्त्री' म्हणून हवं असेल तर कायद्याच्या सातव्या कलमात शस्त्रक्रियेची अट आणि रुग्णालयाचा दाखला. 2020 च्या नियमांत 'वैद्यकीय हस्तक्षेप' या शब्दात समुपदेशन आणि हॉर्मोनही धरलेत, पण टेबलापलीकडच्या माणसाने नियम वाचलेत की नाही यावर तुमचं नशीब. कागदाचा हा घोळ नोकरीपर्यंत येतो. एका कंपनीत माझी निवड झाली, पण पदवी एका नावावर, पॅन दुसऱ्या. पार्श्वभूमी पडताळणीत शेरा आला: 'नावात तफावत'. सहा आठवडे मी गॅझेटच्या प्रती मेल करत होतो. कोड तोच, डोकं तेच, तफावत फक्त एका ओळीत.

याच कायद्याचं पंधरावं कलम मात्र चांगलं आहे, आणि ते कुणी वाचत नाही. हॉर्मोन उपचार, शस्त्रक्रिया, त्याआधीचं आणि नंतरचं समुपदेशन, विमा, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार, या सगळ्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये 'आयुष्मान भारत टीजी प्लस' या नावाने वर्षाला 5 लाखांच्या विमासंरक्षणाचा करारही झाला. अभ्यासक्रमाची गंमत मात्र बघा. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने न्यायवैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त घातले. ओरड झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतलं. ज्या वर्गात हे छापून येऊ शकतं, त्या वर्गातून उद्याचा तालुक्याचा डॉक्टर येणार आहे.

मुरूडहून एंडोक्रायनॉलॉजिस्ट किती लांब?

आता नकाशा उघडा. मुरूडहून अलिबाग सुमारे 50 किलोमीटर, काशीद आणि रेवदंड्यावरून. पुढे मांडवा, तिथून रो-रोने भाऊचा धक्का. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद. एसटीने पेण-वडखळमार्गे गेलं तर ट्रॅफिकच्या कृपेवर. दर तीन महिन्यांच्या एका तपासणीसाठी एक अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते. माझ्याकडे लॅपटॉप आहे, पगार आहे, मी शहरात राहतो. ज्याच्या घरी होडीवर रोज जावं लागतं किंवा सुपारीच्या वाडीत कामाला जावं लागतं, त्याने काय करायचं? तो काय करतो ते सांगतो. ओळखीच्या कुणाकडून इंजेक्शनचं नाव घेतो, डोस अंदाजाने ठरवतो, रक्त कधी तपासत नाही. उपचार नाकारला म्हणजे उपचार थांबत नाही. डॉक्टर तेवढा त्यातून निघून जातो.

आमच्या बाजूच्यांना त्यातल्या त्यात जवळ कल्याणला 'मित्र' क्लिनिक होतं. पारलिंगी समाजासाठीचं, समाजातल्याच माणसांनी चालवलेलं. हैदराबाद, पुणे आणि कल्याण अशी तीन होती. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही बंद पडली. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि कल्याणचा दवाखाना मिटला. लाज कुणाला वाटायला हवी? त्या सहीवाल्याला नव्हे. पंधरावं कलम स्वतः लिहून, दवाखाना मात्र दुसऱ्याच्या दानावर चालू ठेवणाऱ्या आपल्या सरकारला.

होऊ शकतं हे, याचं उदाहरण परदेशात शोधायला नको. तामिळनाडूने 2008 मध्ये पारलिंगींसाठी कल्याण मंडळ काढलं आणि तिथे सरकारी रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया होतात. आपल्याकडे मुंबईच्या जीटी रुग्णालयात 2023 मध्ये 30 खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. चांगलंच झालं. पण कक्ष म्हणजे खाट. मला खाट नको, फॉलोअप हवा.

म्हणून मागणी छोटी आहे, मुद्दाम छोटी. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस ओपीडी ठेवा: एक मानसोपचारतज्ज्ञ, एक फिजिशियन, मुंबईच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टशी व्हिडिओवर जोडलेले. रक्ततपासण्या नेहमीच्याच, त्या तालुक्याला होतात. इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयातली नर्स देऊ शकते, रोज देतेच. केसपेपरवर रुग्ण सांगेल ते नाव लिहा. जिल्हाधिकारी कार्यालयात ओळखपत्राचे अर्ज बघणाऱ्याला 2020 चे नियम छापून द्या. यात नवी इमारत नाही, नवं यंत्र नाही, फीत कापायला मंत्रीही लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नसेल.

आणि तुम्ही, जे हे लोकलमध्ये किंवा एसटीच्या खिडकीशी बसून फोनवर वाचताय, तुमच्याकडून एकच हवं आहे. तुमच्या आसपासचं कुणी उद्या हे सांगेल. बहीण असेल, रूममेट असेल, टीममधला कुणी असेल. त्याला "टेस्ट केलीस का?" विचारू नका. "नक्की ना?" विचारू नका, ते त्याने स्वतःला हजार वेळा विचारून झालेलं असतं. विचारा, "हाक काय मारू?" आणि जे उत्तर येईल ते क्रियापदासकट लक्षात ठेवा. मराठीत एवढं केलं, की पहिला डोस पोहोचला. उरलेले डोस सरकारकडून वसूल करायला सोबत या.